शिफ्ट बदलली तरी मुलाचा दिवस बदलू नये

पुणे-नाशिक महामार्गावर राजगुरुनगरच्या आसपास पहाटे दोन प्रकारची माणसं दिसतात. काही जण चाकण एमआयडीसीकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसची वाट पाहत उभे असतात, तर काही रात्रपाळी करून बसमधून उतरत असतात. राक्षेवाडी, सातकरस्थळ, वाडा रोडचा परिसर अशा ठिकाणी भाड्याच्या खोल्यांत यांचे संसार आहेत. कुणी खेड तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातून उतरून आलेलं आहे, कुणी मराठवाड्यातून, विदर्भातून, कुणी उत्तर प्रदेश-बिहारमधून. या घरांत दोन ते सहा वर्षांची मुलं आहेत. त्यांच्या रोजच्या सवयी कशा घडतात आणि कशा बिघडतात, याचा विचार मला इथे करायचा आहे.

या मुलांचा दिवस आठवड्यागणिक बदलतो. वडिलांची फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे पाचच्या आधीच दिवा लागतो, स्टोव्ह किंवा गॅस पेटतो, डबा भरला जातो. एकाच खोलीत झोपलेल्या मुलाची झोप तिथेच मोडते. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात वडील मध्यरात्रीच्या सुमाराला घरी येतात. आई ताट वाढायला उठते, मूलही डोळे चोळत उठून बसतं आणि दिवसभरात बापलेकांना निवांत एकमेकांसोबत बसायला मिळतं ते तेव्हाच. नाईट शिफ्टच्या आठवड्यात वडील दिवसा झोपलेले असतात. मुलाचं खेळणं, रडणं, भांडी वाजवणं हे सगळं त्याच खोलीत होणार असतं, म्हणून त्याला गप्प बसवावं लागतं. मग त्याच्या हातात मोबाईल येतो. तो लाडाने दिलेला नसतो. वडिलांना चार तास झोप मिळावी म्हणून तो दिलेला असतो.

या घरातली आई जेव्हा बालवाडीच्या पालकसभेला किंवा मुलाला घेऊन दवाखान्यात जाते, तेव्हा तिला सांगितलं जातं की मुलाला लवकर झोपवा, मोबाईल देऊ नका, पुड्यातलं खायला देऊ नका, जेवणाआधी हात धुवायला लावा. यातली प्रत्येक सूचना बरोबर आहे. तरीही ती ऐकून आई अपराधी होऊन घरी परतते आणि आठ दिवसांत सगळं पुन्हा पहिल्यासारखं होतं. कारण सल्ला देणाऱ्याने गृहीत धरलेला दिवस तिच्या घरात नसतोच. माझं म्हणणं असं आहे की लहान मुलाची सवय उपदेशातून येत नाही. ती येते दिवसाच्या ठरलेल्या क्रमातून आणि हाताशी असलेल्या साध्या सोयींतून. जिथे कामाच्या पाळीने हा क्रम मोडला आहे, तिथे तो पुन्हा बांधण्याचं काम घराचं आहे, तितकंच गावाचं आणि कारखान्याचंही आहे.

आधी सवय कशी लागते ते पाहू. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. एखादी नवी कृती रोज ठरावीक प्रसंगानंतर करत गेल्यास ती आपोआप व्हायला किती दिवस लागतात, हे त्यांनी पाहिलं. सरासरी ६६ दिवस निघाले, पण माणसागणिक आणि कृतीगणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत गेला. एकवीस दिवसांत सवय लागते, या लोकप्रिय समजुतीला त्यात आधार मिळत नाही. हा अभ्यास प्रौढांवरचा आहे, त्यामुळे आकडे जसेच्या तसे मुलांना लावू नयेत. पण त्यातल्या दोन गोष्टी कोणत्याही आईला उपयोगी पडतील. एक, सवय एखाद्या आधीच्या प्रसंगाला जोडली गेली की टिकते. दुसरी, एखादा दिवस चुकला म्हणून सगळं वाया जात नाही.

तीन वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही. साडेआठ वाजले म्हणजे काय, हे त्याच्या जगात नसतं. त्याला कळतं ते एवढंच की जेवण झालं की दात घासायचे, दात घासले की पाणी प्यायचं, मग आईजवळ आडवं व्हायचं, गोष्ट ऐकायची आणि दिवा बंद. शिफ्टच्या घराला इथे एक वाट सापडते. वेळ पाळणं हातात नसेल, पण क्रम पाळणं बहुतेक दिवस हातात असतं. जेवण कधी आठला होईल, कधी साडेनऊला. त्यानंतरची साखळी मात्र तीच राहिली पाहिजे, मग घरात आई असो, आजी असो की शेजारची मावशी. रोज त्याच क्रमाने घडणाऱ्या गोष्टीत मुलाला सुरक्षित वाटतं, आणि सुरक्षित वाटणारं मूल झोपताना कमी झगडतं.

झोपेचा प्रश्न मी मुद्दाम आधी घेतो, कारण बाकीच्या सवयी तिच्यावर उभ्या राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी काही मार्गदर्शक सूचना दिल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून १० ते १३ तास झोप हवी, १८० मिनिटं हालचाल हवी आणि पडद्यासमोर एका तासाहून अधिक वेळ जाऊ नये, असं त्यांत म्हटलं आहे. एक वर्षाखालच्या बाळाला तर पडदा दाखवूच नये. हे तिन्ही आकडे एकमेकांना धरून आहेत. दिवसा धावलेलं मूल रात्री लवकर झोपतं. पुरेसं झोपलेलं मूल सकाळी भुकेने उठतं. झोप अपुरी राहिलेलं मूल चिडचिडं होतं, चिडचिड थांबवायला मोबाईल दिला जातो, मोबाईलमुळे खेळ थांबतो आणि पुन्हा रात्रीची झोप लांबते.

महाराष्ट्र सरकारने हे ओळखलं, ही चांगली गोष्ट झाली. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुलांच्या अपुऱ्या झोपेचा मुद्दा जाहीरपणे मांडला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा शासन निर्णय निघाला. शाळेचं घड्याळ मुलासाठी मागे सरकू शकतं, हे त्यातून सिद्ध झालं. पण राजगुरुनगरातल्या खोलीत मुलाची झोप शाळेच्या घंटेने मोडत नाही, ती पहाटेच्या बसने मोडते.

सेकंड शिफ्टच्या आठवड्यात मध्यरात्री मुलाला भेटण्याची बापाची ओढ मला पूर्ण समजते. दिवसभर यंत्रासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला आपलं लेकरू जागं बघायचं असतं. त्या ओढीला दोष देऊन काही साधणार नाही. ती भेट सकाळी हलवता येईल. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात मुलाचं तोंड धुणं, दात घासणं, नाश्ता आणि अंगणवाडीत सोडणं हे सगळं वडिलांनी करावं. मुलाच्या मनात पक्कं बसेल की या आठवड्यात सकाळ बाबांची. रात्री वडील आले तर दिवा मंद ठेवावा, ताट आधीच झाकून ठेवावं, मुलाला उठवू नये. यातून आणखी एक गोष्ट होईल. मुलांच्या सवयी म्हणजे आईचं खातं, ही आपल्याकडची घट्ट समजूत सैल होईल.

दातांचं उदाहरण यासाठी बोलकं आहे. दुधाचे वीस दात तिसऱ्या वर्षाच्या आसपास पूर्ण येतात आणि सहाव्या वर्षाच्या सुमाराला मागे पहिली कायमची दाढ येते. ती दुधाच्या दातांच्या मागे गुपचूप उगवते आणि अनेक घरांत ती दुधाचीच समजून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. सहा-सात वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला नीट दात घासण्याइतकी सफाई आलेली नसते. त्याच्या हातात ब्रश द्यावा, पण शेवटचा हात मोठ्यांनी फिरवावा. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. ‘जा, दात घासून ये’ असं ओरडून सांगण्याने हे होत नाही, त्यासाठी शेजारी उभं राहावं लागतं. रात्रीचं घासणं जास्त महत्त्वाचं आहे, कारण झोपेत लाळ कमी होते आणि दातांवर राहिलेल्या गोडाला रात्रभर वेळ मिळतो.

खाण्याचंही तसंच. घाईच्या सकाळी चहा-बिस्किटं हा सर्वांत सोपा नाश्ता ठरतो. पण चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह शरीरात कमी शोषलं जातं, आणि लोह तर वाढत्या मुलाला हवंच असतं. पाच-दहा रुपयांचा पुडा हा आईच्या आळसाचा पुरावा नाही. दोघं कामावर गेल्यावर मुलाला स्वतः उघडून खाता येईल असा घरातला तो एकच पदार्थ असतो. म्हणून पुडा बंद करा असं सांगण्याआधी त्याच्या जागी काय ठेवायचं ते ठरवावं. केळं, राजगिऱ्याचा लाडू, उकडलेलं रताळं, गूळ-तूप लावलेला भाकरीचा तुकडा, हे सगळं मुलाच्या उंचीच्या फळीवर, झाकण सहज उघडेल अशा डब्यात ठेवता येतं. मूल हाताला लागेल ते खातं. हाताला काय लागावं, हे मोठ्यांच्या हातात आहे.

इथे मला शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या रोमची आठवण होते. ६ जानेवारी १९०७ रोजी मारिया मॉन्टेसरींनी सान लोरेन्झो नावाच्या कामगारवस्तीत आपलं पहिलं बालगृह उघडलं. ते सुरू होण्याचं कारण मोठं व्यावहारिक होतं. आईवडील दिवसभर कामाला जात, मागे राहिलेली लहान मुलं जिन्यांत हुंदडत, भिंती खराब करत. इमारती सांभाळणाऱ्या संस्थेने हिशेब केला आणि मुलांसाठी तिथेच एक खोली दिली. आईवडिलांवर अट होती की मूल स्वच्छ पाठवायचं आणि आईने आठवड्यातून एकदा तरी बाईंशी बोलायचं. म्हणजे जगभर पसरलेल्या एका शिक्षणपद्धतीचा उगम कामगारांच्या चाळीसारख्या इमारतीत, घरमालकाने दिलेल्या खोलीत झाला.

तिथला एक प्रसंग मॉन्टेसरींनी नोंदवला आहे. एकदा त्यांनी मुलांना नाक कसं शिंकरायचं ते शिकवलं. रुमाल कसा धरायचा, आवाज न करता कसं करायचं, हे शांतपणे करून दाखवलं. धडा संपल्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या. नाक वाहतं म्हणून ही मुलं सदैव बोलणी खात आली होती, पण ते कसं पुसायचं हे तोपर्यंत कुणी त्यांना दाखवलंच नव्हतं. आपल्याकडे किती मुलं शेंबडी म्हणून हिणवली जातात आणि त्यातल्या किती जणांना कुणी शेजारी बसून रुमाल धरायला शिकवलेलं असतं? मुलाला लाज वाटायला लावून सवय लागत नाही, लागते ती फक्त लाज.

हा विचार मराठी मातीत रुजवला तो ताराबाई मोडकांनी. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी काम केलं, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला आणि १९४५ मध्ये त्या मुंबई सोडून बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. शहरातलं महागडं साहित्य खेड्यात परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, दगड यांतून शिक्षणाची साधनं केली. वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी वस्तीवर गेली. मुलांना आंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग होता. त्यांच्या अंगणवाडीचं नाव पुढे देशभर गेलं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांतून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेची केंद्रं आज त्याच नावाने ओळखली जातात.

मला त्याहूनही महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं कोसबाडच्या टेकडीवरचं काम. आदिवासी मुली शाळेत येत नसत, कारण त्यांच्या कडेवर धाकटी भावंडं असत. यावर ताराबाई आणि अनुताईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी केली. मोठी बहीण वर्गात बसली की धाकटं भावंड शेजारीच सांभाळलं जाई. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. पालकांनी आपलं काम सोडून शाळेच्या वेळेला जुळवून घ्यावं, असा आग्रह त्यांनी धरला नाही. लोकांच्या कामाच्या दिवसाकडे पाहून त्यांनी शाळेला आकार दिला. चाकणच्या औद्योगिक पट्ट्याला आज हवी आहे ती हीच दृष्टी. फर्स्ट शिफ्टला जाणारी आई अंगणवाडी उघडण्याच्या कितीतरी आधी घराबाहेर पडते आणि अंगणवाडी सुटल्यावरही बराच वेळ परतत नाही. मधल्या वेळात मूल शेजारणीकडे असतं नाहीतर आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. कोसबाडचा प्रश्न राजगुरुनगरात वेगळ्या कपड्यांत उभा आहे.

हा प्रश्न नुसत्या टापटिपीचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. यामागे अन्नाची उणीव आहे, तसंच वारंवार होणारं पोटाचं दुखणंही आहे, कारण जुलाबांनी बेजार मुलाला खाल्लेलं अंगी लागत नाही. कराचीतल्या गरीब वस्त्यांमध्ये स्टीफन लुबी आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ज्या घरांना साबण दिला आणि हात धुण्याविषयी नियमित भेटी दिल्या, तिथे १५ वर्षांखालील मुलांमध्ये अतिसाराचं प्रमाण ५३ टक्क्यांनी आणि पाच वर्षांखालील मुलांमध्ये न्यूमोनियाचं ५० टक्क्यांनी कमी आढळलं. साधा साबण जंतुनाशक साबणाइतकाच उपयोगी ठरला. पण याच संशोधकांची पुढची पाहणीही वाचली पाहिजे. भेटी आणि फुकट साबण थांबल्यावर त्या घरांतली साबणाची खरेदी इतर घरांहून वेगळी राहिली नाही. लोकांना सगळं माहीत होतं, तरी आधार काढून घेतल्यावर सवय ढासळली.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की आमच्या लहानपणी कुणी सवयी शिकवल्या नव्हत्या, त्या आपोआप लागल्या. त्या आपोआप लागल्या नव्हत्या. घरात आजी होती, शेतीचा दिवस उजेडाबरोबर सुरू होऊन अंधाराबरोबर संपत होता, आणि चुलीवरचं जेवण एकाच वेळी होत होतं. त्या घराची सगळी रचनाच मुलाला शिकवत होती. ती रचना आपण उद्योगासाठी मोडली, तेव्हा तिच्या जागी दुसरी उभी करणं ही आपलीच जबाबदारी ठरते. दुसरा आक्षेप शिस्तीचा. दोन फटके दिल्याशिवाय मूल ऐकत नाही, असं म्हणणारे आजही पुष्कळ आहेत. धाकाने केलेली गोष्ट धाक देणारा समोर असेपर्यंतच टिकते, आणि ज्या घरात मोठी माणसं आठ-दहा तास बाहेर असतात तिथे धाक कामाचाच नाही. चॉकलेटच्या लालचीचंही तसंच आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. मुलं आईवडिलांची, मग कारखान्याने आणि नगरपरिषदेने त्यात का पडावं? कारण आईवडिलांचा वेळ या पट्ट्याच्या उत्पादनात जातो. चाकणमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीत कुणाच्या तरी मोडलेल्या झोपेचा वाटा आहे, आणि ती झोप मोडते तेव्हा शेजारी झोपलेल्या मुलाचीही मोडते. कायद्याने हे तत्त्व कधीच मान्य केलेलं आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात स्त्री-कामगारांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची तरतूद होती. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभाही मिळाली. पण बसने तासभर प्रवास करून कंपनीच्या दारातल्या पाळणाघरात मूल नेणं राजगुरुनगरच्या आईला कसं जमणार? पाळणाघर कामगार राहतात तिथे हवं, आणि वडील कामगार असलेल्या मुलालाही त्यात जागा हवी.

करण्याजोग्या गोष्टी अवघड नाहीत. एका परिसरात कामगार राहतात अशा चार-पाच कंपन्यांनी मिळून तिथे एक पाळणाघर चालवावं, ते पहिल्या बसच्या आधी उघडावं आणि तिथे झोप, जेवण, हात-दात आणि खेळ यांचा क्रम रोज एकच असावा. शिफ्टचं वेळापत्रक कामगाराला निदान महिनाभर आधी हाती द्यावं, म्हणजे घराला आपली घडी बसवता येईल. भाड्याच्या खोल्या बांधणाऱ्या घरमालकांनी सामायिक नळांपैकी एक नळ मुलाच्या उंचीवर बसवावा आणि शेजारी साबणासाठी कोनाडा करावा. नगरपरिषदेने आणि भोवतालच्या ग्रामपंचायतींनी वाढत्या वस्त्यांत मुलांना धावायला मोकळी जागा राखावी, कारण १८० मिनिटांची हालचाल दहा बाय दहाच्या खोलीत होत नाही. अंगणवाडी सेविकेवर नोंदींचं ओझं कमी करून तिला मुलांबरोबर हात धुवायला वेळ द्यावा. रोज दोनदा, रांगेत उभं राहून, ताईंबरोबर हात धुतलेलं मूल घरी जाऊन आईलाही साबण मागतं.

आईवडिलांना माझं सांगणं एवढंच आहे की सगळ्या सवयी एकदम लावायला जाऊ नका. झोपण्याआधीच्या क्रमापासून सुरुवात करा, दोन-तीन महिने तोच धरून ठेवा, चुकलेल्या दिवसाबद्दल स्वतःला किंवा मुलाला बोल लावू नका. आणि कंपन्यांचे व्यवस्थापक, घरमालक, नगरसेवक, सरपंच यांना विनंती आहे की पुढच्या वेळी या पट्ट्यातल्या आईला मुलाच्या सवयींविषयी सल्ला देण्याआधी तिच्या मुलाच्या दिवसातले काही तास स्थिर करायला आपण काय केलं, याचं उत्तर तयार ठेवा. त्या तासांची जबाबदारी एकट्या आईवर टाकणं आता थांबलं पाहिजे.